गाणं हेच दुखणं असेल तर म्युझिक थेरपी घ्यावी का? काय अपेक्षा ठेवू?

गवसणी

नमस्कार. इथे बराच काळ नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची. शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी घरी गाण्याचे वर्ग घ्यायचे, गेल्या वर्षापर्यंत. विशारद झालेय. मोठी गायिका वगैरे अजिबात नाही, पण गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या डोहाळजेवणाला "हिला बसवा" म्हणून मला बसवायचे. गेल्या वर्षी थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरचे पेढे वाटायच्या बेतात होते. माझा आवाज मात्र गेला. बोलायला काही नाही, फोनवर कुणाला कळतही नाही. पण काळी चारमध्ये गाणारी मी, पांढरी चारला उतरले तरी तार षड्ज लागत नाही. पंचमाच्या पुढे आवाज पोकळ होतो. तान घेतली की मधलेच स्वर गायब. ईएनटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, म्हणाले स्वरतंतू हलताहेत, काळजीचं काही नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं ते म्हणाले, "कॅन्सर निघाला असता तर?" यावर माणूस काय बोलणार.

पुढचं थोडक्यात सांगते. झोप गेली, भूक गेली, वर्ग बंद केले. शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी रियाजाला बसली की मी खिडक्या लावून घेते. सायकिअॅट्रिस्टच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी झोप परत आली. एका सायकॉलॉजिस्टकडेही जाते. बाई चांगल्या आहेत, पण मी तिथे इतकं मुद्देसूद बोलते, पालकसभेत दुसऱ्याच्या मुलीचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवावं तसं. त्याच मध्यंतरी म्हणाल्या, "पुण्यात एक म्युझिक थेरपिस्ट आहेत, विचार करा." मी घरी येऊन चिडले. ज्या गोष्टीने जीव जातोय तीच औषध म्हणून?

तर प्रश्न असे. मला तिथे गायला लावतील का? लावलं तर मी उठून येईन, आत्ताच सांगते. का नुसते राग ऐकवतील, उदासीवर हा, झोपेवर तो? मावशीने व्हॉट्सअॅपवर तसा तक्ता पाठवलाच आहे. थेरपिस्टचं संगीत माझ्यापेक्षा कच्चं असलं तर माझा कान गप्प बसणार नाही, त्याचं काय करायचं? किती दिवस चालतं, आणि याने बरं वाटतं का खरंच? कुणी स्वतः घेतली असेल तर प्लीज सविस्तर लिहा. "पॉझिटिव्ह राहा" एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलंत तरी चालेल.

पखवाजी_काका

ताई, पॉझिटिव्ह राहा म्हणणार नाही. पण पैसे भरून गाणं कशाला? आमच्या भजनी मंडळात या. दर गुरुवारी रात्री नऊ ते साडेअकरा, कुणाचा आवाज फाटतो, कुणाला ताल समजत नाही, एक जण तर टाळ कायम उलटा धरतो. कुणी कुणाला नावं ठेवत नाही. माझी बायको गेल्यावर मला त्या मंडळाने उभं केलं. कोरसमध्ये खाली सूर धरून बसलात तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. चहा असतो.

कोरा_चहा

मी भूलतज्ज्ञ आहे. म्हणून आधी गळ्याचं बोलतो, मग थेरपीचं.

थायरॉइडच्या वरच्या टोकापाशी एक बारीक नस असते, सुपीरियर लॅरिंजियल नर्व्हची बाहेरची शाखा. स्वरतंतू ताणणारा स्नायू तिच्या ताब्यात असतो, म्हणजे वरचे स्वर तिच्या जोरावर लागतात. ती दुखावली तर बोलण्यात फारसा फरक पडत नाही, साध्या दुर्बिणीत तंतू हलतानाही दिसतात, आणि कागदावर "नॉर्मल" असा शेरा मिळतो. कळतं ते गाणाऱ्यालाच. सर्जन मंडळी तिला गॅली-कुर्चीची नस म्हणतात. अमेलिटा गॅली-कुर्ची ही इटालियन ऑपेरा गायिका. १९३५ साली शिकागोत तिचं गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि त्यातच तिचा आवाज गेला असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पुढे काही डॉक्टरांनी जुन्या नोंदी उकरून म्हटलं की आवाज आधीच उतरणीला लागला होता. काही असो, नसेला नाव तिचंच चिकटलं.

तुमच्या बाबतीत तेच झालंय असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण जो ईएनटी खास आवाजाच्याच तक्रारी बघतो त्याच्याकडे जा, स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर बघायची तपासणी) करून घ्या, लॅरिंजियल ईएमजी, म्हणजे स्वरयंत्राच्या स्नायूंची विद्युत तपासणी, करायची गरज आहे का विचारा. आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, शेवटचं कधी तपासलं ते पाहा. ऑपरेशननंतर हार्मोन कमी पडलं तर उदासी, थकवा, जड आवाज तिन्ही येऊ शकतात, आणि त्यावरची गोळी फार स्वस्त असते.

आता थेरपी. स्पायनल (पाठीतून कमरेखालची भूल) दिल्यावर आम्ही पेशंटच्या कानाला हेडफोन लावतो, त्यांच्या आवडीची गाणी. त्यांची घालमेल कमी होते, मी रोज बघतो. पण ती म्युझिक थेरपी नव्हे. तिथे थेरपिस्ट नाही, नातं नाही, मी फक्त प्ले दाबतो. मावशीचा तक्ताही त्याच जातीचा, फक्त त्यात दावे मोठे. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग डोकेदुखीवर, या याद्यांच्या मागे भरवशाच्या चाचण्या नाहीत. एकच मारवा एकाला अस्वस्थ करतो आणि दुसऱ्याला निवांत. त्यात रेकॉर्डिंग कुणाचं, वेळ कुठली, त्या माणसाची त्या गाण्याशी कुठली आठवण जोडलेली, हे सगळं आलं. गोळीसारखा मिलिग्रॅममध्ये मोजून राग देता येत नाही.

खऱ्या थेरपीवर मात्र बऱ्यापैकी अभ्यास आहेत. फिनलंडमध्ये युवास्कुला विद्यापीठाच्या लोकांनी नैराश्याच्या ७९ रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत आली. ३३ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत म्युझिक थेरपीची २० सत्रं दिली, आठवड्याला दोन, प्रत्येकी तासाभराचं. बाकीच्या ४६ जणांना फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी पहिल्या गटातलं नैराश्य आणि चिंता दोन्ही जास्त उतरलेली दिसली. सहा महिन्यांनी दोन गटांतलं अंतर कमी झालं होतं, ते आता संख्याशास्त्राच्या हिशेबात बसत नव्हतं. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात नैराश्यावरचे ९ अभ्यास, एकूण ४२१ माणसं. निष्कर्ष साधारण असाच: नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घेतली तर थोड्या मुदतीत फायदा होतो. "जोडीला" हा शब्द महत्त्वाचा. गोळ्या परस्पर बंद करू नका.

मी संशयी माणूस आहे, तरी सांगतो, तुमच्या जागी असतो तर जाऊन बघितलं असतं.

मिरजेचा_पाहुणा

मी घेतलीय. साधारण वर्षभर, इंग्लंडमध्ये लीड्सला, इथल्या एनएचएसमधून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतून. यादीत नाव लागून नंबर येईपर्यंत काही महिने गेले, तो भाग सोडून देतो.

आधी माझी पार्श्वभूमी. मी मिरजेचा, तबला शिकलो मध्यमापर्यंत. पोटापाण्यासाठी बस कंपनीत वेळापत्रकं लावतो, कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजता. घटस्फोट झाला, त्यानंतर छातीत धडधड, रात्री तीनला जाग, कामावर हात थरथरणं, हे सगळं सुरू झालं. बोलायच्या थेरपीत मी तुमच्यासारखाच मुद्देसूद होतो ताई. घटनाक्रम तारीखवार सांगायचो. म्हणून त्यांनी इकडे पाठवलं.

खोली साधी. खाली गालिचा, एक पियानो, गिटार, धातूच्या पट्ट्यांचं मेटलोफोन, जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकी ढोल), स्टँडवर एक मोठी झांज, आणि आत छर्रे घातलेला चपटा ढोल, तो कलता केला की समुद्राचा आवाज येतो. दोन खुर्च्या. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, पन्नास मिनिटं. सुरुवातीच्या भेटी चौकशीच्या होत्या. घरात कुठलं संगीत होतं, कुठलं गाणं लागलं की बंद करावंसं वाटतं, गोळ्या कुठल्या, कधी जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटलं का. काय बदललं तर उपयोग झाला असं म्हणाल, हेही विचारलं. मी म्हणालो, फोन वाजला की धडधडू नये.

मग एक दिवस थेरपिस्ट म्हणाली, "हवं ते उचला, आपण वाजवू." मी जेंबे उचलला आणि तीनताल सुरू केला. ठेका, मग कायदा, पलटे, तिहाई. ती पियानोवर होती. मला वाटलं, झकास चाललंय. संपल्यावर ती म्हणाली, "मला आत यायला जागाच सापडली नाही." मला राग आला. मनात म्हटलं, बाई, तुला सम कुठे आहे तेच माहीत नाही आणि मला शिकवतेस? हा राग मी पुढच्या दोन-तीन भेटी मनात ठेवला, मग एकदा बोलून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, समेवर नाही आलं तर काय होईल असं वाटतं? याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. पण कामावर एखादी गाडी चार मिनिटं उशिरा आली तर माझं पोट का दुखतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

तुमच्या कानाच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं बहुतेक. माझी थेरपिस्ट तालात माझ्यापेक्षा कच्चीच होती. ऐकण्यात मात्र फार पुढे. मी हात जड केला की तिचा हात जड व्हायचा, मी अडखळलो की ती खाली एकच स्वर धरून थांबायची, मला पडू द्यायची नाही. साथसंगत म्हणाल तर ही ती नव्हे. चांगला साथीदार गाणं सजवतो. ती माणसाकडे बघून वाजवायची, गाणं बरं वाजलं की वाईट याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते रेकॉर्डिंग. लेखी परवानगी घेऊन ती काही भेटी रेकॉर्ड करायची, मग आम्ही दोघं बसून ऐकायचो. एकदा तीन-चार वेगवेगळे तुकडे पाठोपाठ ऐकले. प्रत्येक तुकडा मी संपवलेला. ती अजून वाजवतेय, आणि मी टप्प करून बंद. दुसऱ्याने थांबायच्या आत आपणच थांबायचं. लग्नात मी नेमकं हेच करायचो, भांडण तापायच्या आत फोन ठेवून द्यायचो, आणि त्याला समजूतदारपणा म्हणायचो. हे मला कुणी तोंडाने सांगितलं असतं तर मी वकिलासारखा वाद घातला असता. टेपवर ऐकल्यावर वाद कुणाशी घालणार?

आता वाईट भागही सांगतो. मधले काही आठवडे तब्येत आधीपेक्षा बिघडल्यासारखी वाटली. एकदा मी ती झांज इतकी बडवली की हात लाल झाले, तीही पियानोच्या खालच्या पट्ट्यांवर तेवढ्याच जोरात होती, आणि थांबल्यावर बराच वेळ आम्ही दोघं काहीच बोललो नाही. सिनेमात यानंतर माणूस बरा होतो. मला पुढच्या आठवड्यात जायचंच नव्हतं. गेलो, नुसता बसलो, काहीच वाजवलं नाही. तेही चालतं. पैसे वाया गेले असं वाटत होतं, आणि पैसे तर मी भरतही नव्हतो!

शेवट अचानक होत नाही. किती भेटी उरल्या ते दोन महिने आधीपासून ठरलेलं होतं. आता धडधड पूर्ण गेलेली नाही. फोन वाजला की उचलतो, समोरचा गप्प बसला तर मीही बसतो. गोळी डॉक्टरांनी नंतर हळूहळू कमी केली. तबला सुधारला नाही, उलट बिघडलाय, मधेच ताल सोडून कुठेतरी भटकतो. गुरुजींना सांगू नका.

गवसणी

मिरजेचे पाहुणे, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. समेचं वाचून हसू आलं आणि नंतर बराच वेळ काही सुचलं नाही.

कोरा चहा, टीएसएच ऑपरेशननंतर एकदाच झालं होतं. सोमवारी करून घेते. त्या नसेचं मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. वेड्यासारखं बरं वाटलं वाचून, निदान मी कल्पना करत नाहीये. काका, मंडळात यायला आवडेल, पण आत्ता नाही. आत्ता चार माणसांत बसले आणि कुणी "ताई, एक अभंग होऊन जाऊ दे" म्हणालं तर मी मोडून पडेन.

अजून एक शंका. पुण्यातल्या त्या बाई खऱ्या थेरपिस्ट आहेत हे ओळखायचं कसं? आणि दर आठवड्याला नाशिक-पुणे जमणार नाही, ऑनलाइन होतं का?

मंद्र

मी याच कामात आहे, म्हणून जाहिरात नको. नाव-गाव सांगत नाही आणि कुणी व्यक्तिगत निरोपही करू नयेत.

ओळखायचं कसं, हा आपल्याकडचा खरा घोळ आहे. ब्रिटनमध्ये "म्युझिक थेरपिस्ट" हे नाव कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंद असल्याशिवाय लावता येत नाही. ऑस्ट्रियात २००९ पासून या व्यवसायाचा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, पण म्युझिक थेरपिस्टची पाटी उद्या कुणीही लावू शकतो. हार्मोनियमचा क्लास आणि वीकएंडचं प्रमाणपत्र एवढ्या भांडवलावर लोक बसलेले मी पाहिलेत. तेव्हा फोनवरच विचारा: शिक्षण कुठे, किती काळाचं, त्यात रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम होतं का? पुद्दुचेरीला श्री बालाजी विद्यापीठात यासाठी केंद्र आहे, काही जण बाहेरून मास्टर्स करून येतात. पुढचा प्रश्न, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं? आणि शेवटचा, तुम्ही स्वतः थेरपी घेतली आहे का? हा आगाऊपणा नाही. लंडनच्या सेंट बर्नार्ड्स हॉस्पिटलमध्ये मेरी प्रिस्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात विश्लेषणात्मक म्युझिक थेरपी उभी केली, ती आधी एकमेकांवर आजमावून. ब्रिटनच्या अभ्यासक्रमात आजही विद्यार्थ्याला स्वतःची थेरपी करावी लागते. जो या प्रश्नावर चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. "दहा सत्रांत नैराश्य मुळापासून" म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको.

गायला लावणार नाहीत. मी तुमच्यासारख्या व्यक्तीबरोबर काम करताना गळा बराच काळ बाजूला ठेवते. हाताला वाद्य देते, शक्यतो जे त्या व्यक्तीला अजिबात येत नाही ते. शिकलेल्या गायिकेला स्वरमंडळ दिलं की ती जुळवायला घेते, त्यातच अर्धा तास जातो. मातीचा घट किंवा जेंबे दिला की बरोबर-चूक जरा मागे पडतं. कधीतरी पुढे श्वास, मग ओठ मिटून खर्जाच्या आसपास गुंजारव, तोही वाटलं तर. काहींच्या बाबतीत ती वेळ येतच नाही आणि थेरपी तरीही झालेली असते. तुमच्याकडे आवाज गेल्याचं दुःख आहे आणि त्यावर कुणी सुतकसुद्धा पाळू दिलेलं नाही, उलट पेढे. काम बहुधा तिथे असेल. सुरात परत आणणं हे थेरपिस्टचं काम नाही. त्यासाठी व्हॉइस थेरपी वेगळी असते, ती स्पीच थेरपिस्ट करतात, कोरा चहा यांनी सांगितलेल्या तपासण्या झाल्या की ईएनटीच तिकडे पाठवतील. दोन्ही एकाच वेळी करायला हरकत नाही, फक्त एकीचं उद्दिष्ट दुसरीकडे नेऊ नका.

दुसरा प्रकार ऐकण्याचा. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ हेलन बॉनी यांनी १९७० च्या दशकात बसवलेली एक पद्धत आहे. आडवं व्हायचं, शरीर सैल सोडायचं, निवडलेलं पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचं आणि डोळ्यांसमोर जे येईल ते थेरपिस्टला सांगत जायचं. त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं. ज्यांना भास होतात किंवा ज्यांचा आजार सध्या तीव्र आहे त्यांच्यासाठी ती नाही. तुमच्याबाबतीत मी तरी सुरुवात तिथून करणार नाही. ऐकणं हाच तुमचा सगळ्यात तयार आणि सगळ्यात दुखरा भाग आहे. पहिल्याच भेटीत सांगा की कुठले राग, कुठल्या बंदिशी, कुठला तानपुऱ्याचा सूर आत्ता नको. शेजारच्या मुलीच्या रियाजाचंही सांगा. संगीत फार झटकन आत शिरतं, नकोशी आठवण वर यायला चार सेकंद पुरतात, म्हणून हाताने "थांबा" अशी एक खूण दोघींनी आधी ठरवून ठेवायची. तुमच्या सायकिअॅट्रिस्टना सांगून जा आणि थेरपिस्टला त्यांच्याशी बोलायची परवानगी द्या.

ऑनलाइन होतं, पण अडचण तांत्रिक आहे. व्हिडिओ कॉलवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी वाजवणं अशक्य. तुमचा ठेका माझ्याकडे येईपर्यंत तुम्ही पुढे गेलेल्या असता. शिवाय अॅप "गोंगाट" समजून ढोलाचा आवाजच कापतं. मग आळीपाळीने वाजवणं, मिळून एखादं रेकॉर्डिंग ऐकणं, गाण्याचे शब्द लिहिणं एवढंच उरतं. मी नाशिकच्या माणसाला म्हणेन, सुरुवातीच्या भेटी प्रत्यक्ष घ्या, त्यानंतर एक प्रत्यक्ष, एक ऑनलाइन. साधारण सहा ते आठ भेटींनंतर दोघींनी बसून हिशेब करायचा: काही हलतंय का? नसेल तर थांबायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. फीचा एक दर नाही, आधी विचारा, न आलेल्या भेटीचे पैसे घेतात का तेही विचारा. रेकॉर्डिंग करणार असतील तर ते कुठे राहील, कोण ऐकेल, कधी पुसलं जाईल हे कागदावर घ्या.

आणि एखाद्या रात्री फारच अंधारून आलं तर पुढच्या भेटीची वाट बघत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

काका, तुमचं मंडळ मला फार आवडलं. बायको गेल्यावर त्याने तुम्हाला उभं केलं ते खरंच आहे, मी असल्या गोष्टींना हसत नाही. पण मंडळात सगळ्यांना मिळून भजन पुढे न्यायचं असतं. एखादी मधेच रडायला लागली तर टाळ थांबणार नाहीत, थांबूही नयेत. आमच्या खोलीत थांबतात.

पखवाजी_काका

पटलं. आमच्याकडे एकदा असं झालं होतं, आम्ही गजर वाढवला.

जाता जाता विचारतो. नातू पाच वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. पखवाज वाजवला की मांडीवर येऊन बसतो आणि कातड्याला गाल लावतो. त्याला या थेरपीने बोलता येईल का?

मंद्र

बोलता येईल असं वचन मी देणार नाही, कुणी दिलं तर सावध व्हा. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, चार ते सात वर्षांची मुलं, निकाल २०१७ मध्ये आला. उत्स्फूर्त वाजवण्याच्या थेरपीने ऑटिझमच्या मुख्य लक्षणांच्या मोजपट्टीवर फरक दिसला नाही. दुसऱ्या अभ्यासांत वावरण्यात आणि एकूण आनंदात सुधारणा दिसलीय. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू असेल तर ती सोडू नका. गाल लावतो तेव्हा तुम्ही काय करता? एक थाप देऊन थांबून बघा, तो पुढची मागतो का. बाकी यासाठी वेगळा धागा काढा काका, इथे ताईंचा विषय मागे पडेल.

गवसणी

नको नको, पडू दे मागे. काका, धागा काढलात की लिंक इथे टाका, मीही वाचेन. मी शनिवारची वेळ घेतली आहे, साडेअकराची. फोनवर तिन्ही प्रश्न विचारले. तिसऱ्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो, चार वर्षं."

कोरा_चहा

रिपोर्टांची फाईल न्या. आणि टीएसएचसाठी रक्त सकाळी द्या, थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रक्त दिल्यानंतर घ्या.